सहा आणि सातच्या मधे

लिफ्ट थांबली ती अशी, की जणू कुणी तिला मागून ओढलं. एक हिसका, एक गचका... दिवा गेला, पंखा गेला, आणि भागूबाई एका उडीत मागच्या भिंतीला चिकटली.

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायलाच नको. पण कॉलेजात तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नसेल. पाल दिसली की ही बाकावर, कुणी शिट्टी मारली की ही मैत्रिणीच्या पाठीमागे, आणि निकालाच्या दिवशी तर घरच्या पलंगाखाली! अशा मुलीला भित्री भागूबाई नाही म्हणायचं, तर काय रणरागिणी म्हणायचं?

लिफ्टमधे एकटी तर ती कधीच चढायची नाही. शेजारच्या आजी, दूधवाला, अगदी नाक वर करून चालणारं चौथ्या मजल्यावरचं कुत्रंसुद्धा चालायचं, पण सोबत हवी. आज मात्र नाइलाज होता. नवव्या मजल्यावर तिच्या घरी कॉलेजचा सगळा कंपू जमला होता, निकालानंतर वर्षाने पहिल्यांदा. ऐन वेळी बर्फ संपला. ही खाली पळाली, कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फाची मोठी पिशवी घेतली, आणि परत येताना आईने गॅलरीतून आवाज दिला, "जिना नको चढत बसूस, वितळेल तो! लिफ्टने ये!"

आली. आणि आता ही अशी, सहा आणि सातच्या मधे, अंधारात, छातीशी बर्फ धरून. फोन वर चार्जिंगला लावलेला. पिशवीला कुठेतरी बारीक भोक होतं, थंडगार थेंब तिच्या पावलांवर पडत होते... टप... टप...

तिने घंटेचं बटण दाबलं ते वीस मिनिटं झाली तरी सोडलंच नाही.

"अहो, सोडा ते बटण! ऐकू आलं, अख्ख्या गल्लीला ऐकू आलं!" वरून कुणीतरी ओरडलं. मग लोखंडाचा खडखडाट झाला, आणि तिच्या डोक्याच्या वर, दाराच्या माथ्याशी, उजेडाची एक पट्टी उघडली. वीतभर रुंद असेल, नसेल. त्या पट्टीत एक बूट दिसला. ग्रीस लागलेला, नाडी सुटलेला.

"घाबरू नका," बुटाच्या वरून आवाज आला. "लिफ्ट पडत नसते. दोर चांगले जाड आहेत. तुम्ही फक्त दारापासून लांब उभ्या राहा."

भागूबाई लांब उभी राहिली नाही. ती दाराला चिकटली. कारण हा आवाज... 'घाबरू नका' म्हणताना मधेच हसू दाबणारा हा आवाज तिने वर्षभर कुठेकुठे शोधला होता! बसमधे, बँकेच्या रांगेत, चुकून लागलेल्या फोनमधे.

"काडी?"

बूट एक पाऊल मागे गेला.

"...भागूबाई?"

काडी म्हणजे काडीपेटीतल्या काडीसारखा, उंच, बारीक, आणि डोक्यावर केसांचं गुल. तिचं नाव त्याने ठेवलं होतं, त्याचं तिने. तीन वर्षं शेवटच्या बाकावर दोघं शेजारी बसली. तो तिच्या वहीत सरांची चित्रं काढायचा, ती त्याला हळूच चिमटे काढायची, आणि दोघांच्या मधे काय आहे ते अख्ख्या वर्गाला माहीत होतं, ह्या दोघांना सोडून!

"तू आलास!" ती ओरडली. "ग्रुपवर कुणाला उत्तर दिलं नाहीस आणि सरळ घरीच आलास! अरे, मग बघत काय बसलायस? वर जाऊन आईला सांग, त्या लिफ्टवाल्याला फोन कर म्हणावं!"

वर दोन बोटांनी सुटलेली नाडी बांधली. मग फार सावकाश उत्तर आलं.

"भागूबाई, लिफ्टवाला मीच आहे."

टप... टप... बर्फ तेवढा बोलत होता.

'अरे वा' म्हणावं तर खोटं वाटेल, 'का रे?' म्हणावं तर त्याला लागेल. कॉलेजातही हे असंच व्हायचं. सगळे आइस्क्रीम खायला निघाले की ह्याचा घसा दुखायचा. बसमधून तो नेहमी तिच्या आधी उतरायचा, पण कुठल्या गल्लीत वळतो ते कुणाला कधी दिसलं नाही. राणीसरकार, म्हणजे जिला आणायला-सोडायला गाडी यायची ती, म्हणायची, "कंजूष आहे मेला." शेठ, ज्याच्या वडिलांचं फर्निचरचं मोठं दुकान, तो म्हणायचा, "गूढ आहे, गूढ!" भागूबाई काहीच म्हणायची नाही. तिला विचारायची भीती वाटायची. विचारलं, आणि तो उठून गेला तर?

आणि कॉलेज संपल्यावर तो गेलाच! राणीसरकार परदेशी शिकायला गेली (आज सुट्टीवर आलेली), शेठ दुकानाच्या गल्ल्यावर बसला, भागूबाईला मामाच्या ओळखीने ऑफिसात खुर्ची मिळाली. काडीचं मात्र ग्रुपवर नाव होतं, तो नव्हता.

"काडी... आहेस ना?"

"आहे. बाबा गच्चीवर चढतायत, मशीनरूममधे. गुडघा दुखतो त्यांचा, थोडा वेळ लागेल. ते वरून ब्रेक सोडून चाक हाताने फिरवणार, मी इथून लेव्हल बघणार. तू आत एकटीच ना? मग वर ओढणं सोपं. दोराच्या दुसऱ्या टोकाला जड वजन असतं, म्हणून रिकामी लिफ्ट खाली जायला कुरकुरते, वर मजेत जाते."

"मी त्या फटीतून निघू का? तू हात दे फक्त, मी—"

"खबरदार!" तो इतक्या जोरात ओरडला, की ती मागे आपटली. "डोकंसुद्धा बाहेर काढायचं नाही. अर्धी बाहेर असताना हलली तर?"

तर! तिला घाम फुटला. एवढ्या बर्फाशेजारी उभं राहून घाम फुटलेली जगातली ती पहिली मुलगी असणार.

"काडी, मला भीती वाटतेय."

"मग बोल माझ्याशी."

"तुझा चेहरा दिसत नाही. बुटाशी काय बोलू? जरा वाक ना खाली."

"जमिनीवर झोपायला लागेल. शर्ट मळेल."

"लिफ्टवाल्याचा शर्ट अजून किती मळणार आहे?" ती भसकन बोलून गेली, आणि जीभ चावली. हे काय बोललो आपण! कॉलेजात ती त्याला याहून शंभरपट बोलली असेल, पण तेव्हा ती दोघं एका बाकावर होती. आता तो वर, ती खाली, आणि तरी ह्या बिल्डिंगमधे वरची कोण नि खालचा कोण, हे दोघांनाही ठाऊक. तिने श्वास रोखला.

वरून एक ओळखीचा, नाकातून निसटलेला हसण्याचा आवाज. कपड्यांची सळसळ झाली, आणि त्या उजेडाच्या पट्टीत एक डोळा, अर्धं नाक आणि अर्धं हसू आडवं येऊन टेकलं.

"बघ. मळला."

"अर्धाच दिसतोस."

"अर्ध्यावर भागव. पूर्ण परवडायचा नाही तुला."

"बारीक झालायस."

"एका डोळ्यावरून कळलं?"

"मला कळतं," ती म्हणाली, आणि अंधारातल्या अंधारात लाजली.

त्याची बोटं फटीतून आत आली. चार काळी बोटं, नखांत ग्रीस. तिने टाचा उंचावल्या, आणि बर्फाने गारठलेला आपला हात त्या बोटांपर्यंत पोचवला. तो शहारला. "बाप रे, जिवंत आहेस ना?"

"आहे. पण वर्षभर नव्हते," ती म्हणाली. एवढं धीट वाक्य ती आयुष्यात बोलली नव्हती. अंधारात बरं असतं, स्वतःचं तोंड दिसत नाही! "का गेलास रे? माझं काही चुकलं? मी मेसेज करायचे, दोन निळ्या खुणा यायच्या, आणि पुढे काही नाही. मला वाटलं... मला वाटलं, मी नकोशी झाले."

अर्धं हसू विझलं. डोळा तेवढा राहिला.

"तू नकोशी?" तो म्हणाला. "येडी आहेस. तुझ्या घरी सगळे जमलो होतो, निकालानंतर, आठवतं? त्या दिवशी पण लिफ्ट अडकली होती."

"हो, आणि ते लिफ्टवाले काका..." ती थबकली. उंच, बारीक, डोक्यावर पांढऱ्या केसांचं गुल. लिफ्टवाले काका! वर्षानुवर्षं येत होते ते. तिने त्यांना कधी नीट बघितलंच नव्हतं. "काडी... ते..."

"बाबा. काम झाल्यावर दारात येऊन त्यांनी पाणी मागितलं. आमच्या सगळ्यांच्या हातात काचेचे उंच पेले होते, सरबताचे. तू बाबांना आतून प्लास्टिकचा डबा भरून आणून दिलास. झाकण नसलेला."

तिला आठवेना. जिवाच्या आकांताने आठवायला गेली, तरी आठवेना. आणि तेच जास्त भयंकर होतं.

"मी... मला खरंच..."

"तुला आठवायचं कारणच नाही गं. त्याचा मला राग नाही. राग वेगळाच आहे." बोटं तिच्या हातातून सुटली. "बाबांनी मला बघितलं. त्या सरबतासकट. आणि लगेच नजर वळवली, माझ्याकडे पाठ करून पाणी प्यायले. मी एक शब्द बोललो नाही. शेठ माझ्या कानाशी म्हणाला, ह्या लोकांना वेळेवर यायला काय होतं रे? आणि मी..."

"काय?"

"मी म्हणालो, 'हो ना.'"

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात, जसा काही तोच अडकलाय.

"दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याबरोबर कामाला लागलो. सगळ्या बिल्डिंगांत गेलो, इथे सोडून. आज त्यांचा गुडघा जास्तच होता म्हणून आलो. सातव्यापर्यंत ठीक होतं. नवव्याची भीती वाटते मला, भागूबाई. तू पालीला घाबरतेस ना, तसा मी तुमच्या दाराला घाबरतो. आणि बाबांना हे सगळं मी कधीच—"

"झालं का तुमचं?"

हे कोण बोललं?

काडीच्या शर्टाच्या खिशातून. जाड, दमलेला, धापा टाकणारा आवाज.

काडीचा डोळा एवढा मोठा झाला, की फटीत मावेना. कारण त्यांच्या कामाचा एक नियम होता, बापानेच घालून दिलेला: एक माणूस चाकापाशी आणि एक दारापाशी असताना फोन चालू ठेवायचा. अडकलेला माणूस बाहेर येईपर्यंत तो बंद करायचा नाही. बापाने जिना चढायला सुरुवात केली तेव्हाच काडीने फोन लावून, स्पीकरवर टाकून खिशात ठेवला होता. आणि मग तो आवाज आला, 'काडी?' आणि पुढे त्याला खिसा असल्याचंही भान राहिलं नव्हतं!

"बाबा..." त्याचा आवाज फाटला.

"'हो ना' म्हणालास होय?" खिसा म्हणाला. "ते मला ऐकू आलं नव्हतं तेव्हा."

भागूबाईला वाटलं, आता दोर तुटला तरी चालेल. निदान ही शांतता संपेल.

"बरं," खिसा शेवटी म्हणाला. "पोरीला आधी बाहेर काढू. ब्रेक सोडतोय. लेव्हल सांग."

डोळा नाहीसा झाला. बूट उभे राहिले. "घ्या... घ्या वर," काडी म्हणत होता, पण त्याचा आवाज आता तिच्यासाठी नव्हता. लिफ्ट थरथरली आणि बोट-बोट वर सरकू लागली. बूट, गुडघे, कमरेचा पट्टा, मळलेला शर्ट... एकेक करून तो तिला पुरता दिसू लागला. एरवी भागूबाईने डोळे गच्च मिटले असते. आता मात्र तिला पडायची भीती वाटत नव्हती, पोचायची वाटत होती. लेव्हल आली, दार उघडलं, की हा हात पुसेल आणि जिन्याने खाली जाईल. ह्या वेळी ग्रुपवरचं नावही काढून टाकेल!

"बस," काडी म्हणाला. "आली."

दार उघडलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो वर बघत होता, जिन्याकडे.

तिने बर्फाची पिशवी खाली ठेवली, बाहेर पाऊल टाकलं, आणि त्याचा हात धरला. पूर्ण, पाचही बोटांसकट. तिचा हात गार, त्याचा घामट.

"ते येतायत," तो पुटपुटला.

वरून पावलं वाजत होती. एक जड, एक ओढलेलं... एक जड, एक ओढलेलं... नवव्या मजल्यावर ती थांबली, दार उघडल्याचं ऐकू आलं, मग आईचा आवाज, "काय हो लिफ्टवाले, निघाली का माझी मुलगी?" आणि मग एकदम पुष्कळ पावलं, पुष्कळ आवाज, सगळा कंपू जिन्यावरून घरंगळत खाली.

पुढे शेठ होता. "भागूबाई! जिवंत आहे! आणि... अरे, काडी? तू कधी उगवलास? बघ ना, ह्या लोकांनी किती वेळ लावला!"

त्याच्यामागे, कठडा धरून, बाबा उतरत होते. मुलाला त्यांनी बघितलं. आणि भागूबाईच्या डोळ्यांदेखत त्यांनी नजर बाजूला वळवली. सवयीने. मुलाला सोपं जावं म्हणून. ज्याने नुकतंच ते सगळं ऐकलं होतं, तो बाप अजूनही त्याला पळायला वाट करून देत होता!

काडीचा हात तिच्या हातात इतका घट्ट झाला, की तिला ओरडावंसं वाटलं. पण ती ओरडली नाही. तिने तो तितकाच घट्ट दाबला.

"शेठ," काडी म्हणाला. "हे माझे बाबा. मागच्या वर्षीही माझेच होते."

राणीसरकारचं तोंड उघडं राहिलं. शेठ आधी हसला, मग हसायचं नाहीये हे कळून लाल झाला, आणि बुटाच्या टोकाने फरशी घासू लागला.

बाबांनी दोन पायऱ्या उतरायला भलताच वेळ घेतला. मुलासमोर येऊन उभे राहिले. खांद्यावरची अवजारांची पिशवी काढली, त्याच्या मोकळ्या हातात अडकवली.

"धर," ते म्हणाले. "मघापासून नेतोय एकटा. मला काय चार-चार खांदे आहेत?"

काडीने धरली. डोळे पुसायला त्याच्याकडे एकही हात शिल्लक नव्हता.

"काका..." भागूबाई म्हणाली. तिला माफी मागायची होती, त्या डब्याची, न बघितलेल्या वर्षांची, सगळ्याची. पण शब्द घशातच सहा आणि सातच्या मधे अडकले.

"राहू दे पोरी," बाबा म्हणाले. "तू पण ऐकलंस, मी पण ऐकलं. सावकाश बोलू." त्यांनी भिंतीवरचा खटका वर केला. लिफ्टमधला दिवा लागला, पंखा फिरू लागला. "चला, वर फ्यूज बदललाय, लिफ्ट तयार आहे. कोण येतंय?"

सगळा कंपू एक पाऊल मागे सरकला.

"नको, नको, आम्ही जिन्याने जातो," राणीसरकार म्हणाली.

"बरोबर आहे. दुरुस्तीनंतर पहिली फेरी आमचीच असते. आम्ही उतरलो की मग बाकीचे." बाबा आत शिरले. काडी त्यांच्यामागे शिरला, आणि उंबऱ्यावर अडकला. कारण तिचा हात त्याच्या हातात होता. त्याने तिच्याकडे बघितलं. "सोड," तो हळूच म्हणाला. "तू जा जिन्याने. मी... मी येतो नवव्यावर. खरंच येतो."

"आणि नाही आलास तर?"

त्यालाच खात्री नव्हती.

तेवढ्यात आई जिन्याच्या वळणावर पोचली. तिने आधी मुलीला बघितलं, सुटकेचा श्वास टाकला. मग मुलीच्या हाताकडे बघितलं, आणि तो श्वास परत आत घेतला. "अगं, हात बघ किती मळलेत! सोड तो... आणि वर चल आधी. पाहुणे उभेत."

आईचा हा सूर भागूबाईला चांगला ठाऊक होता. ह्या सुरापुढे तिने आजवर कपडे बदलले होते, बेत बदलले होते, कॉलेजात विषयसुद्धा बदलला होता. समोर पुन्हा ती पेटी, अरुंद, कुबट, जिने आत्ता कुठे तिला सोडलं होतं. मागे आई. कुठली भीती मोठी, हे ठरवायला कुणी तिला वेळ देईना.

ती आत गेली.

"अगं ए! पुन्हा त्यात? वेड लागलंय का? कुणाबरोबर चाललीस तू?"

"माझ्या माणसाबरोबर, आई!"

बोलून गेली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं. जिन्यावर कुणीतरी ठसकलं. काडीच्या हातातली पिशवी सुटून पाने खणाणले.

दार मिटलं.

आत तिघांना जेमतेम जागा होती. बाबा एकदम त्या बटणांकडे असे टक लावून बघू लागले, की जणू आयुष्यात पहिल्यांदाच बटणं बघतायत. काडीचे कान लाल झाले होते.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"ऐकलंस की."

"पुन्हा म्हण ना."

"आता नाही. नवव्यावर. तिथे म्हणावंच लागणार आहे."

बाहेर आईच्या चपला जिना चढत होत्या, फटाफट, फटाफट. लिफ्टच्या आधी पोचणार होती ती, भागूबाईला पक्कं माहीत होतं. दार उघडेल तेव्हा ती समोर असेल, कमरेवर हात ठेवून. आणि मग काय होईल? बाबांना ती काय म्हणेल? ह्याला काय म्हणेल? भागूबाईचं काळीज असं धडधडत होतं, की बाबांनीही एकदा वर, दोरांकडे बघितलं.

"घाबरलीस?" काडी कुजबुजला.

"खूप. तू?"

"खूप."

"मग दाबू का बटण," बाबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "की अजून थोडं घाबरायचंय?"

भागूबाईने हात पुढे केला, आणि नऊ आकडा स्वतःच दाबला.